आधी पंगत, मग पाळणे

थीम पार्कातले आवडते हॉटेल चवीवरून ठरवावे असे म्हणणारा माणूस एक तर सकाळी दहाला आत जाऊन अकराला बाहेर आलेला असतो, किंवा गेलेलाच नसतो. दुपारी दीडच्या उन्हात चार पाळणे आणि त्यांच्या चार रांगा संपल्यावर पोटाच्या आधी पाय बोलायला लागतात. आपल्याला पनीर टिक्का हवाय असे माणसाला वाटते. खरे तर त्याला खुर्ची हवी असते, आणि पनीर टिक्का हे त्या खुर्चीचे भाडे असते. म्हणून अशा ठिकाणच्या हॉटेलाला मार्क द्यायचे तर पहिला प्रश्न, बसायला मिळते का? दुसरा, बसल्यावर ताट किती वेळात येते? तिसरा, काय मागवायचे यावरून घरात अबोला धरला जातो का? चवीचा नंबर चौथा, तोही आधीचे तीन पेपर सुटले तरच. या हिशेबाने अहिल्यानगर जिल्ह्यात (सरकारी कागदावर अहिल्यानगर, बोलताना अजून नगरच) पहिला नंबर शिर्डीत लागतो, आणि तो कुठल्याच पार्काच्या कुंपणाआड सापडत नाही. तो साईबाबा संस्थानाच्या प्रसादालयाचा. हे म्हणणे अनेकांना रुचणार नाही याची कल्पना आहे. त्यांच्या तक्रारींकडे क्रमाने येऊच.

शिर्डीत कसले आले थीम पार्क, असे विचारणाऱ्याने बऱ्याच वर्षांत शिर्डी पाहिलेली नसावी. दर्शन घ्यायचे, उदीची पुडी खिशात टाकायची आणि सरळ एसटी स्टँड गाठायचा, हा आपल्या आजोबांच्या वेळचा कार्यक्रम. हल्ली दर्शनानंतर पोरांचे काय करायचे असा प्रश्न पडतो, आणि उत्तर गावातच तयार असते: भिजायचे तर वेट एन जॉय, कोरडे राहायचे तर साईतीर्थ. साईतीर्थाची ओळख भक्तीवर बेतलेले देशातले पहिले थीम पार्क अशी करून दिली जाते. तिथे गाडीत बसून देशभरच्या देवळांच्या प्रतिकृती बघता येतात, लंकादहनाचा फाइव्ह-डी खेळ असतो, आणि यंत्रावर हलणारे-बोलणारे साईबाबाही भेटतात. दोन्ही पार्क संगमनेरच्या मालपाणी समूहाने उभारलेले. त्याच समूहाने २०२२ साली खोपोलीचे इमॅजिका ताब्यात घेतले. म्हणजे २०१३ पासून मुंबई-पुण्याची मंडळी ज्या पाळण्यांवर किंचाळत आली, त्यांची दोरी आता नगर जिल्ह्यात आहे. पार्काच्या बाबतीत नगरकरांना कोणी शिकवायला जाऊ नये, एवढे यातून सिद्ध व्हायला हरकत नाही.

आता पार्काच्या आत बसून जेवण्याचा विचार करू. कुठलेही वॉटर पार्क घ्या, तिथे मूळ अडचण स्वयंपाकघराची नसतेच, ओल्या कपड्यांची असते. भाड्याचा नायलॉनचा पोशाख घालून निथळत आलेल्या माणसाला गादीच्या खुर्चीवर कोण बसवेल? म्हणून खुर्च्या प्लास्टिकच्या. त्यातल्या प्रत्येकीच्या खळग्यात आधीच्या गिऱ्हाइकाने सोडलेले चमचाभर पाणी असते, आणि बसणारा ते हाताने निपटून बसतो, जणू त्याच्या अंगातून काही गळत नाहीच. कागदी रुमाल उचलावा तर तो बोटांना चिकटून त्याचा लगदा होतो. पैसे लॉकरमध्ये. लॉकरची किल्ली रबरी पट्ट्याने काकांच्या मनगटाला. काका लाटांच्या तलावात, आणि लाटा सुरू झाल्या की भोंगा वाजतो, त्यामुळे काठावरून मारलेली हाक त्यांच्यापर्यंत पोचत नाही. किल्ली येईपर्यंत टेबल दुसऱ्या कुटुंबाने धरलेले असते. कोरड्या पार्कात पाणी नसले तरी घड्याळ असते. खेळांच्या वेळा ठरलेल्या, आणि पोळीचा पहिला तुकडा मोडावा तेव्हाच कोणीतरी आठवण करून देते की लंका आता पेटायला आली. या दोषाला मालक जबाबदार नाही. पार्क ही चालण्याची जागा आहे, तिने बसणाऱ्याची सोय करावी ही अपेक्षाच जरा जास्तीची.

शिवाय घरून डबा नेण्याची आपली पिढीजात तोड इथे चालत नाही. बाहेरील खाद्यपदार्थ आणण्यास सक्त मनाई आहे, ही पाटी कुठल्याही पार्काच्या दारात असते, आणि मराठी कुटुंबाची खरी थरारक राइड त्या पाटीखालीच सुरू होते. पिशवी टेबलावर ठेवली जाते. टॉवेल निघतात, तेलाची बाटली निघते, मग टॉवेलाच्या घडीतून धपाट्यांची चळत निघते. “अहो, पेशंट आहेत आमचे आबा,” असे सांगितले जाते, तोवर आबा पहिल्या घसरगुंडीकडे निघालेले असतात.

डबा गेला की हॉटेल निवडायची बैठक बसते, उभ्याने. आजीचा गुरुवार, म्हणजे साबुदाणा. नातवाला नूडल्स, आणि त्याही तिखट नकोत. सुनेला काहीही चालेल, पण जे सुचवावे ते चालत नाही. शिर्डीच्या रस्त्यावर या पेचाला मोठी मोकळीक आहे, कारण इथे गुजरातेतून, आंध्र-तेलंगणातून, तमिळनाडूतून माणसे येतात, आणि एकाच हॉटेलाच्या फलकावर गुजराती थाळी, पंजाबी, साऊथ इंडियन, चायनीज आणि खाली लहान अक्षरांत जैन असे पाच देश नांदत असतात. एवढ्या निवडीने प्रश्न सुटायला हवा. उलट तो चिघळतो. सहा माणसांचे मेनू कार्ड सहा दिशांनी वाचले जाते, वेटर दोनदा येऊन परत जातो, आणि शेवटी कोणाला काही आवडले म्हणून ऑर्डर जात नाही. कोणाचाही विरोध उरला नाही म्हणून जाते. सहकारी साखर कारखान्याच्या निवडणुका पचवलेल्या या जिल्ह्याला बिनविरोध निवडीची किंमत वेगळी सांगायला नको. प्रसादालयाचे पहिले मोठेपण इथे आहे. तिथे मेनू कार्डच नाही. पोळी, भात, वरण, भाज्या आणि काहीतरी गोड. मतदान रद्द.

ज्यांना वाटते की हॉटेल हे पार्काचे अंग असावे, बाहेरची खानावळ त्यात धरू नये, त्यांनी जरा अमेरिकेकडे पाहावे. कॅलिफोर्नियात बुएना पार्क गावी वॉल्टर नॉट नावाचा बेरीचा शेतकरी होता. १९३४ साली त्याची बायको कॉर्डेलिया हिने लग्नात मिळालेल्या चिनी मातीच्या ताटांत ६५ सेंटला कोंबडीचे जेवण वाढायला सुरुवात केली. जेवण लोकांना इतके आवडले की बाहेर तासन्‌तास रांगा लागायला लागल्या. रांगेतल्या माणसांचा जीव रमावा म्हणून नॉटने १९४० पासून शेतावर जुन्या पश्चिमेकडच्या खाणीच्या गावाचा देखावा उभा करायला घेतला. तो वाढत वाढत त्याचे नॉट्स बेरी फार्म हे प्रचंड पार्क झाले. वॉल्ट डिस्नेने काही मैलांवर डिस्नेलँड उघडले ते त्यानंतर, १९५५ मध्ये. म्हणजे वंशावळ पाहिली तर पार्क हे जेवणाच्या रांगेचे अंगण आहे. पाळणे फिरतात ते ताट येईपर्यंत वेळ जावा म्हणून. आपण उलटे समजून बसलो आहोत आणि जेवणाला दोन राइडींमधली अडचण मानतो.

शिर्डीतही क्रम हाच आहे. इथे पाळण्याच्या कितीतरी आधी हंडी आली. हेमाडपंतांच्या साईसच्चरितातल्या अडतिसाव्या अध्यायात बाबांच्या स्वयंपाकाचे तपशीलवार वर्णन आहे: बाजारहाट स्वतः करायचा, मसाला स्वतः वाटायचा, मशिदीच्या अंगणात चूल मांडायची आणि दोन हंड्यांपैकी एक चढवायची. लहान हंडी पन्नास माणसांची, मोठी शंभरांची. पुढे दासगणूंच्या कीर्तनांनी बाबांचे नाव मुंबईपर्यंत गेले, भक्तांचे नैवेद्यच इतके येऊ लागले की १९१० च्या सुमारास हंडी थांबली. सांगायचे एवढेच, की शिर्डीत पाहुण्याची पहिली सोय जेवणाची झाली. दर्शनबारी, भक्तनिवास, विमानतळ, लाटांचा तलाव हे सारे मागाहून आले. आजच्या प्रसादालयाच्या दाराशी हंडी ढवळणाऱ्या बाबांचा पुतळा आहे तो म्हणूनच योग्य जागी आहे. कुठल्याही हॉटेलाच्या दारात मूळ आचाऱ्याचा पुतळा सहसा दिसत नाही.

शंभराच्या हंडीचे आज काय झाले आहे तेही पाहण्यासारखे आहे. तळमजल्याच्या दालनात एका वेळी सुमारे साडेतीन हजार माणसे बसतात. साडेतीन हजार खुर्च्या! पहिल्या प्रश्नाचे उत्तर याहून ठणठणीत कोण देणार? स्टीलचे खणांचे ताट पुढे येते, आणि मागून भांडी घेतलेल्या वाढप्यांची फेरी सुरू होते. हा माणूस तुमच्याकडे बघत नाही, तुमच्या ताटातल्या रिकाम्या खणाकडे बघतो. वरणाची पळी भाताच्या बरोबर मधोमध पडते, आणि “पुरे” म्हणायला तोंड उघडेपर्यंत तो तीन ताटे पुढे गेलेला असतो. नको असेल तर ताटावर हात आडवा धरायचा, ही जागतिक सांकेतिक भाषा तेलुगू, तमिळ, गुजराती सगळ्यांना येते. आणि राइडच म्हणाल तर ती छतावर आहे. २००९ मध्ये तिथे सूर्याच्या उन्हावर वाफ करणाऱ्या ७३ तबकड्या बसवल्या, प्रत्येक तबकडी १६ चौरस मीटरची. दिवसभर त्या सूर्याकडे तोंड करून त्याच्या गतीने हळूहळू वळतात, आणि त्या वाफेवर खाली डाळ-भात शिजतो. नगर जिल्ह्याला पाऊस कमी, ऊन बख्खळ. ज्या उन्हाने पार्कातला माणूस करपतो त्याच उन्हावर त्याचे वरण होते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत न थांबणारा दुसरा पाळणा या गावात नाही, आणि त्यात तूरडाळ बसते.

आता आक्षेप. पहिला भाविकांचा, आणि तो गंभीर आहे: प्रसादाला हॉटेलांच्या पंगतीत बसवून मार्क देणे बरे नव्हे. मान्य. म्हणूनच इथे प्रसादाला मार्क दिलेले नाहीत, खुर्चीला, वाढप्याला आणि मेनू कार्डाच्या अभावाला दिले आहेत. दुसरा आक्षेप फुकटपणाचा. पैसे न देता मिळालेल्या जेवणाची हॉटेलाशी तुलना कशी? या मोफत जेवणावरून २०२५ च्या सुरुवातीला बराच वाद झाला आणि त्यानंतर कूपनाची पद्धत आली. पण फुकट असल्यामुळे गुण वाढले असते तर लग्नाचे प्रत्येक जेवण उत्तम म्हणावे लागले असते, आणि लग्नाच्या जेवणाबद्दल परतीच्या गाडीत काय बोलले जाते ते सर्वांना ठाऊक आहे. ज्याला ओझे वाटते त्याच्यासाठी दानपेटी आहेच.

तिसरा आक्षेप अस्सल नगरी माणसाचा, आणि इथे थोडी माघार घ्यावी लागते. वरण सौम्य आहे. देशभरच्या पोटांना एकाच पळीने सांभाळायचे तर ते सौम्यच असणार. ज्याची जीभ बाजरीची भाकरी, हुलग्याची शेंगोळी आणि खलबत्त्यात चेचलेल्या ठेच्यावर वाढली, त्याला ते जेवण म्हणजे पाहुण्यासमोरचे बोलणे वाटेल: सभ्य, पण मन मोकळे न करणारे. त्याने परतीच्या वाटेवर एखाद्या ढाब्यावर पिठलं-भाकरी खावी. चवीचा नंबर चौथा ठेवला आहे तो याचसाठी.

खरा दोष मात्र वेगळाच आहे आणि त्यावर उत्तर नाही. प्रसादालयात रेंगाळता येत नाही. आपल्याकडे जेवण संपते ते हात ताटात वाळेपर्यंत गप्पा झाल्यावर. इथे शेवटचा घास तोंडात असतानाच पुढच्या पंगतीची चाहूल लागते, आणि बसण्यासाठीच आलेल्या माणसाला उठावे लागते. माझ्याच पहिल्या निकषावर हा वार आहे. बचाव एवढाच, की पार्कातल्या महागड्या टेबलावरही हे सुख मिळत नाही. डिस्नेलँडमध्ये १९६७ पासून ब्लू बायू नावाचे हॉटेल आहे. ते समुद्री चाच्यांच्या राइडच्या इमारतीतच वसवले आहे: कायमची कृत्रिम रात्र, मंद दिवे, आणि टेबलांच्या बाजूने राइडच्या होड्या भरभरून जातात. तिथे टेबल मिळावे म्हणून लोक कितीतरी आधी नाव नोंदवतात. पण जेवणाऱ्याकडे टक लावून बघू नये, हा साधा शिष्टाचार तिथे दिवसभर होडीमागून होडी मोडला जातो. नजर लागायची भीती जिला वाटते त्या आजीला तिथे घास उतरणार नाही. साडेतीन हजारांच्या दालनात कोणी कोणाकडे बघत नाही. प्रत्येकाची नजर भाजीच्या भांड्यावर असते.

राहता राहिला व्हीआयपींचा मुद्दा. ज्यांना साडेतीन हजारांच्या गर्दीत बसणे कमीपणाचे वाटते, त्यांच्यासाठी पहिल्या मजल्यावर हजार-हजार माणसांची दोन दालने आहेत. ओळख काढून, चिठ्ठी आणून, कोणाच्या तरी पीएला फोन लावून तिकडे जाण्याची खटपट करणारे कुटुंबात एक तरी असतातच, बहुधा तेच किल्लीवाले काका. त्यांना खुशाल जाऊ द्यावे. दिवसभर घसरगुंड्यांच्या पायऱ्या चढून पोटऱ्या दगड झालेल्या माणसाला मानाच्या ताटासाठी आणखी एक मजला वर जायचे आहे, हे त्यांच्या लक्षात येईपर्यंत खाली आजीच्या ताटात दुसऱ्यांदा भात पडलेला असेल. गुरुवार नसला तर.