सावकार घरचाच बरा

न्यूझीलंडच्या सिनलेट मिल्क या दूधप्रक्रिया कंपनीचे भागधारक अभिनंदनास पात्र आहेत. कंपनीला बँकांचे 13 कोटी न्यूझीलंड डॉलर 15 जुलै 2024 पर्यंत फेडायचे होते. चारच दिवस आधी भागधारकांनी तेवढेच कर्ज थोरल्या भागधारकाकडून, चीनच्या ब्राइट डेअरीकडून, घेण्यास मंजुरी दिली. कर्ज फिटले, म्हणजे धनको बदलला. सप्टेंबरमध्ये नवे शेअर देऊन कंपनीची बहुमताची मालकीही ब्राइटकडेच सोपवण्यास मंजुरी दिली. सावकाराला घरजावई केल्यावर तगादा लावणार कोण? पुढच्या सभेत ‘गाईंनी आटू नये’ असाही ठराव घ्यावा, मंजूर होईल.

बहुसंख्य पुरवठादार शेतकऱ्यांनी मात्र दूध थांबवण्याच्या नोटिसा देऊन ठेवल्या होत्या. डेअरी चालवायला भागधारक पुरतात, हे त्यांच्या ध्यानात आले नसावे.