एकास दोनशे

प्रत्येक सोसायटीत असा एक असतोच. कुणी बोन्साय करतो, कुणी जुनी घड्याळं उसवून बसतो. माजिवड्यात आमच्या वाट्याला ‘अ‍ॅडमिरल’ काका आले. हे गृहस्थ कित्येक वर्षं दिवाणखान्यात आयएनएस विक्रांत बांधताहेत. १९६१ साली नौदलात आलेली, आपली पहिली विमानवाहू युद्धनौका. प्रमाण एकास दोनशे. मूळ बोट सातशे फूट, म्हणून काकांची साडेतीन फूट. हे त्यांना विचारावं लागत नाही.

परवा लिफ्टमध्ये कुणी कुरकुरलं, की कापूरबावडीला तासभर अडकलो. काका म्हणाले, “एकास दोनशेने अठरा सेकंद. बोंब कसली मारता?”

बोफर्स तोफांची नळी चाळीस मिलिमीटरची. एकास दोनशेने ०.२! त्यापायी वरच्या मजल्यावरच्या आजींच्या इन्सुलिनच्या सुया गेल्या. साडेपाच फुटी नौसैनिक जेमतेम आठ मिलिमीटर भरतो, आणि काकूंच्या डब्यातला लांब बासमतीही तेवढाच. गणवेश पांढराच असल्याने रंगाचाही खर्च वाचला. त्या रविवारी पाहुण्यांना पुलावाऐवजी पोळी-भाजी मिळाली. “क्रू डेकवर आहे,” काकूंनी खुलासा केला.

घोडबंदर रोडला भाचीसाठी फ्लॅट बघायला गेलो, तर काका पट्टी घेऊन सोबत. काचेखालच्या चकचकीत टॉवरला पट्टी लावत म्हणाले, “ही मोटार खरी धरली, तर तुमचा स्विमिंग पूल म्हणजे दोन बादल्या. आणि हे झाड खरं धरलं, तर तिसऱ्या मजल्यावर रांगत जावं लागेल.” टायवाला पोरगा म्हणाला, “सर, मॉडेल फक्त कल्पना यावी म्हणून असतं.” “आली,” काका म्हणाले.

स्वतःच्या बोटीत मात्र कल्पनेला मज्जाव. १९७१ च्या युद्धात विक्रांतच्या चारपैकी एका बॉयलरला तडे गेले होते, तो बंद होता. तशीच ती बंगालच्या उपसागरात गेली आणि तिच्या विमानांनी चितगाव, कॉक्स बझारवर हल्ले चढवले. काकांनी चार बॉयलर केले, एकावर ब्लेडने बारीक तडा मारला आणि वरून डेक कायमचा चिकटवून टाकला. आता तो तडा कुणाला दिसणार? “मला माहीत आहे ना!”

माणूस मूळचा ड्राफ्ट्समन. ज्या कारखान्यात बोर्डावर वाकून हयात गेली, तिथे आता बत्तीस मजले उभे आहेत. त्याबद्दल कधी चकार शब्द नाही. विक्रांत १९९७ साली निवृत्त झाली, पुढे काही वर्षं तिच्यावर संग्रहालय होतं. तेव्हा रांगेत उभे राहून काका तिची मापं मनात भरून आले होते. २०१४ साली ती भंगारात निघाली, दारूखान्यात तोडायला घेतली, तेव्हा रे रोडला उतरून लांबूनच बघून आले. दोन दिवस घरात एकही भागाकार झाला नाही, म्हणून काकू घाबरल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही चहाला बसलो असताना काका एकदम बोलले. “साठ कोटींना गेली. वजन घनाच्या हिशेबाने उतरतं, तशी भंगाराची किंमतही. दोनशेचा घन ऐंशी लाख. म्हणजे आपली बोट पंच्याहत्तर रुपयांची.” कपाकडे बघत म्हणाले, “घेतंय कोण?”

काय बोलावं मला सुचेना. काकूंनी पर्समधून शंभराची नोट काढून त्यांच्यापुढे ठेवली.

“पंचवीस परत द्या. तांदूळ आणायचेत.”