गुंठ्याला आठ आणे, नदी फुकट

इथिओपियाच्या पश्चिम सीमेवर गांबेला नावाचा प्रांत आहे. तेथील जमीन 2010 च्या सुमारास परदेशी गुंतवणूकदारांना पन्नास-पन्नास वर्षांच्या पट्ट्याने देण्यात येत होती आणि तिचा खंड काही ठिकाणी हेक्टरी सालीना 20 बिर इतका होता. बिर या चलनाशी ज्यांचा परिचय नाही त्यांच्यासाठी हिशेब आपल्या मापात मांडतो. त्या वेळच्या भावाने 20 बिर म्हणजे पन्नास-पंचावन्न रुपये आणि हेक्टर म्हणजे शंभराला किंचित कमी गुंठे. तात्पर्य, गुंठ्याला सालीना आठ आणे.

आठ आणे! आमच्याकडे 2011 च्या जूनअखेर चार आण्याचे नाणे चलनातून बाद झाले आणि आठ आण्याचे नाणे कायद्याने जिवंत असूनही वाण्याने ते घेण्याचे सोडले, त्याला आता कित्येक वर्षे लोटली. मोडीच्या अडचणीवर वाणी पेपरमिंटची गोळी पुढे करतो, आणि ती गोळीही हल्ली आठ आण्याला मिळत नाही. अशा प्रसंगी ज्यांच्या देवघरातील डब्यात ही निरुपयोगी नाणी साचून राहिली होती, त्यांना कोणी वेळेवर गांबेल्याचा रस्ता दाखवला असता, तर एकेका डब्यातून एकेक जहागीर उभी राहिली असती; कारण शंभराच्या एका नोटेत तेथे वर्षभर पाच एकर जमीन कसता येत होती. इकडे सख्खे भाऊ हातभर बांधासाठी तीन पिढ्या दिवाणी कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात, तलाठ्याच्या दप्तरातून सातबाऱ्याचा उतारा काढताना चपलांचे जोड संपवतात, आणि वकिलाच्या कारकुनाला एका तारखेपोटी जी चिरीमिरी देतात, तीत तिकडे आख्खी शिवारे सालभर वहिवाटीस मिळाली असती. इतके असूनही आमच्या व्यवहारचतुर बांधवांपैकी कोणी वडिलोपार्जित वाद मिटवून पूर्व आफ्रिकेचे तिकीट काढल्याचे ऐकिवात नाही.

तथापि खरी मौज जमिनीची नसून पाण्याची आहे. असल्या करारनाम्यांत क्षेत्र हेक्टरवारी मोजलेले असते, खंडाचे हप्ते तारीखवार ठरलेले असतात, आणि पुढच्याच एखाद्या कलमात धरण बांधण्याचा, कूपनलिका खोदण्याचा व पाट काढण्याचा हक्क पट्टेदाराला बहाल केलेला असतो. त्या पाण्याचा दर मात्र भिंग घेऊन शोधला तरी सापडत नाही. मंडईत भाजीच्या जुडीवर चार काड्या कोथिंबीर टाकावी, तशी आठ आण्यांच्या जमिनीवर बारो नदी टाकलेली. एक किलो तांदूळ पिकवण्यास सरासरी 2500 लिटर पाणी लागते, म्हणजे तांदळाचे एक पोते बंदराकडे निघाले की त्याच्या पाठीवर न दिसणारे तळेही परदेशी जाते. आणि जकातीच्या नाक्यावर वजन होते ते केवळ पोत्याचे. बारोचे पाणी पुढे सोबात नदीतून शुभ्र नाईलला मिळते व त्याच्या थेंबाथेंबासाठी खालची राष्ट्रे हमरीतुमरीवर येतात, ही गोष्ट करार लिहिणाऱ्या मुन्शीला कोणी सांगितलेली दिसत नाही.

यावर तज्ज्ञांचे उत्तर तयार असते: जमीन पडीकच होती. उपग्रहाच्या चित्रात ती तशी दिसते, हे खरे आहे. तेथील आनुआक लोक पूर ओसरला की नदीकाठच्या ओल्या गाळात मका लावतात, वरच्या अंगाला ज्वारी काढून काही वर्षे जमीन विसाव्याला सोडतात, आणि रानातून मध व नदीतून मासे आणतात. विसावा घेणारी जमीन आकाशातून बेवारस दिसते. ज्याला हा न्याय मान्य असेल त्याने दुपारी वामकुक्षी घेताना आपल्या घराला बाहेरून कुलूप लागणार नाही, याची खातरजमा करून घ्यावी.

येथवर विनोदाने लिहिले. पुढे तो साधत नाही. 2011 च्या दुष्काळात त्याच देशात सुमारे 45 लाख माणसांना मदतीच्या धान्याची गरज होती, आणि त्याच देशात निर्यातीचे धान्य पिकवण्यासाठी रान तोडून नांगर चालत होते. पट्टेदाराला दंग्याधोप्यापासून विनामूल्य बंदोबस्त पुरवण्याचे कलम करारात होते. कुळाला पाणी पुरवण्याचे नव्हते. याच काळात गावेच्या गावे उठवून नव्या वस्त्यांत नेण्यात आली. ती स्वेच्छेने गेली असे दप्तर सांगते, बळाने नेली असे माणसे सांगतात. आणि या पट्टेदारांच्या रांगेत आमच्या देशाचे भांडवलही होते. परकीय जमाबंदीखाली दीडशे वर्षे कण्हलेल्या रयतेच्या नातवंडांनी परक्या रयतेची जमाबंदी करायला निघावे आणि इकडच्या वर्तमानपत्रांनी ती देशाची भरारी म्हणून छापावी, याला निर्लज्जपणा म्हणावे लागते. दुसरा सभ्य शब्द मजजवळ नाही.

शेवटी काही शेतांत नदीने फुकटपणाचा सूड घेतला. पूर आला, मका बुडाला. कित्येक पट्टे निम्मेअधिक न कसताच राहिले, काही रद्द झाले, यंत्रे गंजली. आणि तोडलेले रान परत उगवले नाही. आता पुढच्या गुंतवणूक परिषदेत हीच जमीन पुन्हा पडीक म्हणून पडद्यावर दाखवता येईल, आणि या खेपेस ते विधान अक्षरशः खरे असेल.