डिकीसकट गाडी

मालवणात माणूस गाडी घेतो ती कुठेतरी जाण्यासाठी, असा बँकेचा समज आहे. कर्जाच्या अर्जात तसं लिहावंही लागतं. प्रत्यक्षात इथे गाडी घेतली जाते ती कुणाचं तरी काहीतरी आणून देण्यासाठी. एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या पेट्या, जूनच्या तोंडावर खताची पोती आणि ताडपत्र्या, श्रावणात गणपतीच्या शाळेत पोचवायचा पाट, आणि चतुर्थीला त्याच पाटावर बसून घरी यायला निघालेले खुद्द गणपती. मधल्या रिकाम्या दिवसांत कुणाचा पंप दुरुस्तीला, कुणाची आई कुडाळला डोळे दाखवायला. नवी गाडी दारात आली की वाडीतलं कुणी इंजिन किती सीसीचं ते विचारत नाही. मागचं दार उघडून आत डोकं घालतात आणि म्हणतात, "ह्येच्यात शिडी मावात?"

म्हणून मला स्टेशन वॅगन हवी होती. मोटारीसारखी चालणारी, पण छप्पर मध्येच न उतरता थेट मागच्या दारापर्यंत नेणारी गाडी. मागची सीट पाडली की आत सपाट जमीन. ज्याने सेडान गाडीतून गणपती आणलाय त्याला हिचं मोल सांगावं लागत नाही. डिकीत बाप्पाला बसवायची कुणाची छाती होत नाही. मागच्या सीटवर बसवावा तर मुकुट छताला टेकतो, म्हणून मूर्ती जराशी तिरकी, आणि ती धरून बसलेले काका तिच्याहून तिरके. प्रत्येक खड्ड्याला काका "सांभाळून रे" म्हणतात, ते मूर्तीसाठी की स्वतःच्या मानेसाठी ते शेवटपर्यंत कळत नाही.

घरात हा विचार मांडला तेव्हा बायको म्हणाली, "अहो, अँब्युलन्सच घ्या की. निदान रस्ता तरी देतील."

तिचं चुकत नव्हतं. अख्ख्या देशाचं हेच मत होतं. टाटांनी 1992 साली इस्टेट आणली. ऐसपैस, डिझेलची, त्या काळात मुलांनी मागे धावावं अशी. मग मारुतीची बलेनो अल्टुरा आली, ओपलची कोर्सा स्विंग आली, स्कोडाची ऑक्टाव्हिया कॉम्बी आली, 2004 साली टाटांचीच इंडिगो मरीना आली. सगळ्या आल्या तशा गेल्या. लांब गाडीला पैसे मोजणाऱ्या आपल्या माणसाला मागे वेगळी काढलेली डिकी दिसायला हवी असते, त्याशिवाय पैसे खर्च झाल्यासारखे वाटत नाहीत. वर सरकारनेही हात दिला. 2006 च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या, छोट्या इंजिनाच्या गाड्यांचं उत्पादन शुल्क 24 टक्क्यांवरून 16 वर आणलं. झालं, कंपन्यांनी पट्टी घेतली आणि गाड्यांची शेपटं छाटायला सुरुवात केली. वॅगन म्हणजे तर सगळी शेपूटच. तिने जायचं कुठे?

ती गेली जुन्या बाजारात. आणि माझं बजेटही तिथेच राहायला होतं.

एजंटांना सांगून पाहिलं. कणकवलीच्या एकाला "स्टेशन वॅगन" एवढं म्हणायचा अवकाश, त्याने लगेच वॅगन आर दाखवली. मी म्हटलं ही नव्हे, लांब. तर तो चार पावलं मागे सरकून म्हणाला, "हयसून बघा, लांब दिसता." दुसऱ्याने बोलेरो दाखवली, तिसऱ्याने ओम्नी. चौथ्याकडे एक खरीच वॅगन होती, 'डॉक्टरांची'. जुन्या गाड्यांच्या बाजारात डॉक्टर फार. सगळे एकहाती गाडी वापरतात, फक्त दवाखान्यापर्यंत नेतात आणि गाडी विकताना त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. गाडी इतकी कमी फिरवणारे डॉक्टर माझ्या आजारपणात भेटले असते तर बरं झालं असतं, मला नेहमी तेच सापडले जे रस्त्यात असायचे.

शेवटी गेलो मेस्त्रीकडे. आमच्या वाडीच्या तिठ्यावर त्यांचं गॅरेज आहे. वर पत्रे, खाली तेलाने काळी झालेली जमीन, बाजूला फणसाचं झाड, आणि झाडाखाली मालकांनी न्यायला विसरलेल्या दोन-तीन गाड्या. माझ्या वडिलांची राजदूतही त्यांनीच सांभाळली, म्हणून मला ते अजून 'झिला' म्हणतात. मी इंजिनं, मायलेज, किमती असं सगळं लिहून नेलं होतं. त्यांनी कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"पार्ट खय गावतलो, ता आधी सांग. गाडी मगे बघुया."

या एका प्रश्नाने माझी यादी अर्धी झाली. कोर्सा स्विंग दिसायला गोड. पण ओपल ज्यांची होती त्या जनरल मोटर्सने 2017 साली भारतात गाड्या विकणंच थांबवलं. कॉम्बीचं नाव घेतल्यावर मेस्त्रींनी हात जोडले, ते त्या गाडीच्या पार्टांच्या किमतीला. अल्टुरावर माझा फार जीव होता, सोळाशे सीसीचं पेट्रोल इंजिन, बांधा सुरेख. तिच्या एका साध्या रबरासाठी मी एका दुकानात फोन करून पाहिला. दुकानदार म्हणाला, "बलेनोचा ना? आत्ता देतो." त्याच्या डोळ्यांसमोर 2015 साली आलेली बलेनो होती. ह्या दोन बलेनोंमध्ये नावापलीकडे काही नातं नाही, गावात एकाच आडनावाची दोन घरं असतात आणि एकमेकांच्या सुतकात नसतात तसं.

मेस्त्रींचं शास्त्र असं, की भरवशाची गाडी कंपनी बनवत नाही. तिचा पार्ट सकाळी फोन केल्यावर कोल्हापूरच्या एसटीतून संध्याकाळी मालवणात उतरला, तर ती भरवशाची. चार दिवसांनी उतरला, तर बरी. "सायब, मुंबयसून मागवूचो लागात" असं उत्तर आलं, तर ती फणसाच्या झाडाखालची. मुंबईतल्या माणसाला हे पटणार नाही, त्याच्या दाराशी चारी दिशांनी गॅरेजं असतात. इथे पावसात, विजयदुर्गापासून रेडीपर्यंत कुठेही बंद पडलात तर पहिला येणारा माणूस तुमची गाडी ओळखतो का, यावर तुमचं रात्रीचं जेवण अवलंबून असतं.

उरली मरीना. इंडिगोची वॅगन, आणि इंडिगो म्हणजे मुळात 1998 च्या इंडिकाचीच लांबट बहीण. चौदाशे सीसीचं डिझेल इंजिन तेच. आणि इंडिका तर सिंधुदुर्गात टॅक्सी म्हणून इतकी धावली की तिचा पार्ट किराणा दुकानातही मिळावा. "फुडसून बरी," मेस्त्री म्हणाले. "मागची काच, मागचे दिवे, मागचो दरवाजो, ता तिचा एकटीचा. ता आता कोण करणत नाय." म्हणजे पुढचा अर्धा भाग मेस्त्रींच्या भरवशावर आणि मागचा अर्धा वेतोबाच्या.

बरं, हिचं वय बघा. बाजारात असलेल्या बहुतेक मरीनांनी पंधरा वर्षं ओलांडलेली. पंधरा झाली की फिटनेस तपासून पाच-पाच वर्षांची नोंदणी घ्यायची, पर्यावरण कर भरायचा, आणि 2022 च्या एप्रिलपासून त्या पुनर्नोंदणीची फी 600 रुपयांवरून थेट 5,000 झाली. स्वस्त गाडीची किंमत ऐकून खूश होणाऱ्याने ही बेरीज घरी येण्याआधी करावी. गोव्याची गाडी आणखी स्वस्त पडते असं आमच्याकडे प्रत्येकाला त्याचा मेहुणा सांगतो. पण जीए पाटीची गाडी वर्षभराहून अधिक इथे ठेवायची तर ना-हरकत आणा, एमएच-07 वर नोंदवा, महाराष्ट्राचा कर भरा. मग मेहुण्याला फोन करा, तो उचलत नाही.

पुढचा प्रश्न, गाडी कुठली घ्यायची. किनाऱ्यावरची नको, हे मेस्त्रींनी आधीच बजावलं. "इंजीन बांधूक येता. गंज बांधूक येत नाय." त्यांच्या खिशात एक लोहचुंबक असतो, जुन्या स्पीकरमधून काढलेला. देवबागेतली एक चकचकीत गाडी बघायला गेलो तेव्हा त्यांनी तो दाराच्या खालच्या कडेला लावला. तो टपकन खाली पडला. पुन्हा लावला, पुन्हा पडला. पत्र्याच्या जागी लांबी भरून वर रंग मारलेला. मालक म्हणाला, "चुंबक जुनो झालो आसात." मेस्त्रींनी तोच चुंबक त्याच्या सायकलला लावून दाखवला, तो निघता निघेना. येताना म्हणाले, "समुद्रान गाडी कधीच खाल्ल्यान हा. हो आमका तेचो रंग विकी होतो."

म्हणून घाटावरची बघायची. पण घाटावर समुद्र नसला तरी पंचगंगा आहे आणि कृष्णा आहे. 2019 आणि 2021 च्या पुरांत कोल्हापूर-सांगलीकडच्या गाड्या दिवसच्या दिवस पाण्यात होत्या, आणि त्यातल्या धुऊन पुसून उभ्या राहिलेल्या काही अजून गिऱ्हाईक शोधतायत. वासावरून ओळखता येतात म्हणे. आमच्याकडे त्याचा उपयोग नाही. मालवणच्या माणसाला गाडीत वास आला तर तो आधी सीटखाली सुके बांगडे शोधतो. मेस्त्रींचा उपाय सोपा. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढायचा. वरचा हातभर पट्टा सगळेच धुतात, आत गुंडाळलेला कोण धुणार? तिथे चिखलाची रेघ दिसली की चहा न घेता उठायचं. तसंच, गाडी बघायला गेल्यावर पहिला हात बॉनेटवर ठेवायचा. ते गरम असेल तर तुम्ही येण्याआधी कुणीतरी चालू करून ठेवलीय, आणि ती थंड असताना कशी चालू होते हे तुम्हाला कळू नये अशी त्याची इच्छा आहे.

एवढं शास्त्र झाल्यावर काका म्हणाले, देवाच्या कानावर घातल्याशिवाय निघायचं नाही. ज्या तालुक्यात आंगणेवाडीच्या जत्रेची तारीखसुद्धा देवीच्या कौलाने ठरते, तिथे गाडीचं मेस्त्रीने एकट्याने ठरवणं काकांना उद्धटपणाचं वाटलं. नारळ ठेवला आणि काकांनी गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा! ह्या तुझ्या लेकरान जुनी गाडी घेवचा मनात आणल्यान हा..."

"व्हय म्हाराजा!"

"तर तिचो पत्रो शाबूत ठेव, तिच्या इंजिनाक तेल पिवची सवय लागाक दिव नको..."

"व्हय म्हाराजा!"

"आरटीओत कागद घेवन जातलो त्या दिसा तेंचो सर्व्हर चालू आसांदे..."

"व्हय म्हाराजा!"

"आणि विकणाऱ्यान काय खोटा सांगल्यान आसात, तर ता पैशे दिवच्या आधी भायर पडांदे!"

शेवटच्या "व्हय म्हाराजा"ला मेस्त्रींचा आवाज सगळ्यात मोठा होता.

फोंडा घाट चढून, राधानगरी मागे टाकून आम्ही गडहिंग्लजच्या बाजूला पोचलो. मालक निवृत्त गुरुजी. मरीना पांढरी, झाडाच्या सावलीत, बॉनेट गार. गुरुजींनी गाडीआधी वही आणली. डिझेल किती, कधी, कुठे; तेल कधी बदललं; टायर कधी. पंधरा वर्षांनंतरची नोंदणी करून घेतलेली, तिची पावती वहीत टाचलेली. एका पानावर तांबड्या शाईत 'क्लच: निष्काळजीपणा, चि. जावई' असा शेरा होता. मेस्त्रींनी चुंबक फिरवला, पट्टा ओढला, गाडीखाली गोणपाट टाकून शिरले आणि बराच वेळ आत राहिले. मग गाडी चालवून आणली. तोवर गुरुजी माझी तोंडी परीक्षा घेत होते. गाडी उघड्यावर ठेवणार का? समुद्रापासून किती लांब? पावसाळ्यानंतर खालून धुऊन घेणार का? मी सगळ्याला हो म्हटलं. विकणारा खोटं बोलेल का, एवढीच मला काळजी होती. गिऱ्हाईकाचं खोटं पकडायला काकांनी गाऱ्हाण्यात काही तरतूद केली नव्हती.

किमतीवर फार घासाघीस झाली नाही. गुरुजींनी आकडा सांगितला, मेस्त्री हसले, गुरुजींनी दुसरा सांगितला. मग 29 आणि 30 नंबरच्या फॉर्मवर सह्या सुरू झाल्या. पेन हातात असताना मला मागचं एकुलतं एक दार आठवलं.

"मेस्त्रीनु, पण मागची काच फुटली तर?"

मेस्त्री चिंधीला हात पुसत होते. "फुटाक मागसून कोण तरी येवक व्हयो मां? तुझ्या मागे कोण रवता? शेणाची बैलगाडीसुद्धा तुका मागे टाकून जाता."

घाटावरच्या गुरुजींना यातलं अर्धंच कळलं. काय म्हणाले, असं त्यांनी मला विचारलं.

मी म्हटलं, "गाडी चांगली आहे म्हणतायत." आणि सही केली.