साहेबांचा रंग लाल

संवादकौशल्याची कार्यशाळा झाली की ऑफिसात कुणी उद्धट, बडबड्या, भित्रा किंवा खडूस उरत नाही. उद्धट तो लाल, बडबड्या पिवळा, मान डोलावणारा हिरवा आणि टॅक्सीच्या प्रत्येक बिलावर शंका काढणारा निळा. चहाआधी प्रश्नावली भरायची, समोसा संपेपर्यंत स्वभाव हातात.

हे चार कप्पे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मार्स्टन यांच्या १९२८ सालच्या पुस्तकातून आले. प्रश्नावली आणि रंग पुढच्या मंडळींनी चढवले. याच मार्स्टननी १९४१ मध्ये ‘वंडर वुमन’ ही चित्रकथेतली नायिका जन्माला घातली. तिच्या सोनेरी दोरीत अडकलेल्याला खरं बोलावंच लागतं. कार्यशाळेत कप्पे वाटतात. दोरी मात्र कुणाच्या हाती देत नाहीत.

तरीही अहवाल वाचून प्रत्येक जण म्हणतो, ‘अगदी मीच!’ बर्ट्रम फोरर यांनी १९४९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ३९ विद्यार्थ्यांना ‘खास तुमचं’ म्हणून स्वभाववर्णन दिलं. सगळ्यांना मजकूर एकच, तोही बराचसा ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला. विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकतेला ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. रविवारच्या पुरवणीतल्या भविष्यकारांना एचआरने आजवर उगाच उपेक्षित ठेवलं म्हणायचं.

रंगांचा खरा उपयोग वाटणीत आहे. साहेब ओरडले तर ‘ते लाल आहेत, समजून घ्या.’ शिपाई ओरडला तर त्याला मेमो. लाल रंग ठरावीक पगाराच्या वरच चढतो, असं दिसतं. हिरव्यांचा गुण म्हणजे सहनशीलता. म्हणून उरलेलं काम त्यांच्याकडे.

दुपारच्या सत्रात भावना. मार्शल रोझेनबर्ग यांच्या अहिंसक संवादाच्या चार पायऱ्या: निरीक्षण, भावना, गरज, विनंती. साहेब त्या एका दमात चढतात. ‘फाइल अजून आलेली नाही. मला अस्वस्थ वाटतंय. मला निश्चिंतीची गरज आहे. रविवारी याल का?’ पूर्वी ते नुसतं ‘रविवारी या’ म्हणायचे. आता रविवार तर जातोच, वर साहेबांना धीरही द्यावा लागतो.

रोझेनबर्ग यांनी एक कसोटी सांगून ठेवली आहे. नकार ऐकून समोरचा दोष देऊ लागला किंवा शिक्षा करू लागला, तर ती विनंती नव्हती, हुकूम होता. ही स्लाइड नेमकी जेवणानंतर येते आणि वेळेअभावी वगळली जाते.

परवा एका हिरव्या कारकुनाने ती घरी जाऊन वाचली आणि साहेबांना सगळ्या पायऱ्या चढून उत्तर दिलं: ‘रविवारचा निरोप शनिवारी रात्री आला. मला थकल्यासारखं वाटतंय. मला विश्रांतीची गरज आहे. मी सोमवारी आलो तर चालेल का?’

वार्षिक मूल्यमापनात शेरा आला: ‘भावनिक भाषेत सुधारणेस वाव. पुन्हा कार्यशाळेस पाठवावे.’

कार्यशाळा रविवारी आहे.