पेढ्यांचा डबा आणि मेट्रनबाई

भाचीच्या नर्सिंग कॉलेजात निरोपसमारंभाला कुणी पाहुणे आले होते. त्यांनी मुलींना सांगितलं, ‘‘नुसता कोर्स करून भागत नाही, नेटवर्किंग करा.’’ भाचीनं हे घरी सांगितलं आणि तिच्या आईनं, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीनं, लगेच मला फोन लावला. ‘‘दादा, तुझी मिरजेत ओळख आहे ना?’’

नेटवर्किंगचं इतकं चोख भाषांतर मी कुठल्या कोशात पाहिलेलं नाही.

साताऱ्याच्या माणसाची मिरजेत ओळख असतेच. दुखणं अंगावर काढून काढून हाताबाहेर गेलं की आमची जुनी माणसं अजून ‘मिरजेला न्या’ म्हणतात. वाटेत कराड लागतं, तिथं मोठी हॉस्पिटलं आहेत, पण जिभेला सवय मिरजेची. १८९४ साली डॉ. वानलेस यांनी तिथं मिशन हॉस्पिटल उभं केलं, तेव्हापासूनची ही सवय. पुढे इंग्रज सरकारनं त्यांना ‘सर’ केलं आणि आपल्या लोकांनी सांगली-मिरजेच्या मधल्या वस्तीला वानलेसवाडी केलं. सर कधीच गळून पडलं, वाडी अजून आहे.

माझी ओळख अशी: माझे मावसभाऊ, त्यांचे साडू, साडूंचं औषधाचं दुकान, दुकानात येणारा एम.आर. आणि त्या एम.आर.चं एका हॉस्पिटलातल्या एच.आर. साहेबांशी म्हणे उठणं-बसणं. एवढ्या ओळखीवर आमच्याकडे लग्नं जमली आहेत. बायोडेटाही मीच तपासला. तीन वर्षांचं जीएनएम, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, सगळं होतं. तरी काहीतरी राहिलंय असं वाटत होतं. ‘‘उंची घातली नाहीस?’’ मी विचारलं. भाचीनं कागद माझ्या हातातून काढून घेतला.

रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून अर्धा किलो कंदी पेढे घेतले. माहुलीच्या स्टेशनावर गाडीत बसलो. रहिमतपूरपर्यंत मी तिला ओळखीचं महत्त्व सांगत होतो, कराडपर्यंत ती मोबाईलमध्ये बघून हसत होती. तो त्यांच्या सीनियर मुलींचा व्हॉट्सॲप ग्रुप होता. कुठे रात्रपाळीला माणसं कमी आहेत, कुठे राहायला हॉस्टेल आहे, कुठे बॉण्ड लिहून घेऊन मूळ सर्टिफिकेटं कपाटात ठेवून घेतात, कुठे नोकरी सोडताना अनुभवाचा दाखला मागितला की तोंड फिरवतात, सगळा हिशोब त्या मुलींपाशी होता. माझ्या एम.आर.ला यातलं काही ठाऊक असेल असं वाटेना. पण मी तसं बोललो नाही.

हॉस्पिटलच्या दारात वॉचमननं माझ्या हातातला डबा बघितला आणि तोंडभर हसला. ‘‘मुलगा झाला वाटतं!’’ माझं वय अठ्ठावन्न. पेढ्यांचा डबा घेऊन हॉस्पिटलात शिरणाऱ्या माणसाचा आपल्याकडे एकच अर्थ होतो, हे घरी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. लिफ्टपाशी एका मावशींनी अभिनंदन केलं. रिसेप्शनच्या मुलीनं न विचारताच प्रसूती विभागाचा मजला सांगितला.

एच.आर. साहेब मीटिंगमध्ये होते. अकराला मीटिंगमध्ये होते, साडेबाराला मीटिंगमध्येच जेवत होते. एम.आर.चा फोन लागत नव्हता. मी बाकावर डबा मांडीवर घेऊन बसलो, म्हणजे माझं नेटवर्किंग जोरात चालू होतं. भाची म्हणाली, ‘‘मामा, मी मेट्रन मॅडमना भेटून येते. ग्रुपवर सीनियर म्हणाली की नर्स कुठली घ्यायची ते त्याच ठरवतात. साहेब फक्त सही करतात.’’

ओळखीवाचून काम होतं असं मात्र मी अजून मानत नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेलचंच बघा. १८५४ मध्ये क्रिमियन युद्धातल्या जखमींची सेवा करायला तिला जायचं होतं. तिनं चिठ्ठी पाठवली ती युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट यांच्या बायकोला. रोमला ओळख झालेली, घरोबा होता. त्याच वेळी हर्बर्टसाहेबांनीही ‘तुम्हीच जा’ असं तिला लिहिलं, आणि दोन्ही पत्रं वाटेतच एकमेकांना ओलांडून गेली. ३८ जणींना घेऊन ती स्कुटारीला निघाली. जगातल्या सगळ्यांत नामांकित नर्सचा अर्ज मंत्र्याच्या घरातून गेला, हे बारा मेला परिचारिका दिनी दिवे लावताना कुणी सांगत नाही. अर्थात हर्बर्टना तिचं कामही आधीपासून ठाऊक होतं. मला ओळखतो तो एम.आर., आणि त्यानं भाचीला इंजेक्शन देताना कधी बघितलेलं नाही. इथं माझा दाखला जरा लंगडतो.

पाऊण तासानं मेट्रनबाई भाचीबरोबर स्वतः बाहेर आल्या. साठीकडे झुकलेल्या, चष्मा दोरीला बांधलेला. त्यांनी तिला विचारलं होतं ते एवढंच: कुठल्या कुठल्या वॉर्डात पोस्टिंग झालं, तिथल्या इन्चार्ज सिस्टर कोण, आणि रात्री एकटी असताना पेशंटचं बीपी खाली गेलं तर पहिलं काय करशील. एका इन्चार्ज सिस्टरना त्यांनी तिच्यासमोरच फोन लावला. पलीकडून काय उत्तर आलं ते भाचीला ऐकू आलं नाही, पण बाई दोनदा ‘हो का’ म्हणाल्या. मग भाचीनं रात्रपाळीला एका नर्सकडे किती पेशंट असतात आणि मूळ सर्टिफिकेटं ठेवून घेता का, असं विचारलं. ऐकून माझ्या पोटात गोळा आला. बाई म्हणे हसल्या.

मी डबा पुढे केला. बाईंनी आधी डब्याकडे, मग माझ्याकडे बघितलं. ‘‘डिस्चार्ज कधीचा?’’

भाचीनं खुलासा केला. ‘‘पेढे जॉइन झाल्यावर वॉर्डात वाटा,’’ बाई म्हणाल्या, ‘‘आणि ह्यांना आधी काहीतरी खायला घाला.’’

तो डबा परतीच्या गाडीत किर्लोस्करवाडी यायच्या आत संपला. हॉस्पिटलचा फोन नवव्या दिवशी आला. आता भाची तिथंच आहे, त्या ग्रुपवर तीही सीनियर झाली आहे. नवीन पास झालेल्या मुलींच्या बापांपैकी चौघांना मी आतापर्यंत तिचा नंबर दिला. तिला सांगू नका.