अद्दल

‘साइनफेल्ड’ ही अमेरिकन विनोदी मालिका मला आवडत नाही, हे चारचौघांत बोलायची सोय नाही. लोक लगेच समजूत घालायला सरसावतात. “अहो, सुरुवातीचे भाग नेटाने बघा, मग गोडी लागते.” इन्कम टॅक्सचा फॉर्मही मी दरवर्षी नेटानेच भरतो. गोडी लागलेली नाही.

विनोद कळतो मला. अधूनमधून हसूही येतं. अडचण आहे ती त्यातल्या चौघा मित्रांची. हा जेरी, मैत्रीण मटार एकेक दाणा करून खाते म्हणून तिच्याशी संबंध तोडतो. भर रस्त्यात एका म्हातारीच्या हातातला ब्रेड हिसकावून पळतो. जॉर्ज त्याच्या वरताण. मुलांच्या वाढदिवसाच्या पार्टीत स्वयंपाकघरात आग दिसताच पोरं, विदूषक, वॉकर धरलेली आजी, सगळ्यांना ढकलून हा पहिला बाहेर! पुढे लग्नपत्रिकांसाठी स्वस्तातली पाकिटं निवडतो, आणि ती चाटून चिकटवता चिकटवता डिंकाच्या विषाने त्याची होणारी बायकोच दगावते. दवाखान्यात बातमी कळल्यावर चौघं क्षणभर घुटमळतात आणि कॉफी प्यायला जातात. आपल्याकडे मनात काही का असेना, निदान सुतक तरी पाळतात.

मुलगी म्हणते, “बाबा, ती माणसं वाईटच आहेत. तोच तर जोक आहे.” ठाऊक आहे गं. कोणी कुणाला मिठी मारायची नाही आणि कोणी काही शिकायचं नाही, हा मालिकेचा सहनिर्माता लॅरी डेव्हिडचा नियमच होता. १९८९ ते १९९८, १८० भाग. एकानेही धडा घेतला नाही. पण इतक्या निगुतीने घडवलेली नालायक माणसं मी रोज रात्री घरी का बोलवावीत? तसली आमच्या सोसायटीच्या कमिटीवर आहेत की, आणि तीही फुकट.

शेवटचा भाग मात्र मला मनापासून आवडला. १४ मे १९९८ला अमेरिकेत साडेसात कोटींहून जास्त लोकांनी तो पाहिला आणि त्यातले बरेचसे भडकले. एका लठ्ठ माणसाला डोळ्यांदेखत लुटलं जातं. हे चौघं मदत करायचं सोडून त्याच्यावर कोट्या करतात, त्यांच्यातला क्रेमर तर शूटिंग करतो. मदत न केल्याबद्दल तिथल्या कायद्याने चौघांना अटक! कोर्टात नऊ वर्षं छळलेली माणसं एकेक करून साक्षीला उभी. ती ब्रेडवाली म्हातारीसुद्धा.

शिक्षा एक वर्ष कैद. चाहत्यांना हे फार कठोर वाटलं. मला न्यायाधीश मवाळ वाटले. नुसत्या त्या ब्रेडचेच सहा महिने व्हायला हवे होते.